आत्मिक युद्धाच्या नावाखाली मंडळीत दोन तट पडले, तर कुणाच्या बाजूने उभं राहायचं?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दोन गट झालेत, दोन्हीकडे उपास-प्रार्थना चालल्यात आणि दोन्हीकडचे लोक सांगतात की समोरच्यांत सैतान शिरलाय. आता खरं आत्मिक युद्ध, म्हणजे सैतानाविरुद्धची लढाई, कुठलं आणि आपण कुठे उभं राहायचं, असा तुमचा प्रश्न आहे.

मी पाळक (पास्टर) नाही. साक्री-नवापूर पट्ट्यातल्या एका लहानशा मंडळीचा हिशेब बारा वर्षं लिहितोय, एवढीच माझी पात्रता. पण तुम्ही सांगताय ते आमच्याकडे जसंच्या तसं घडून गेलंय, आणि त्यात मी बघ्या नव्हतो.

आमचं भांडण पत्र्यांवरून लागलं. प्रार्थनामंदिर गळायला लागलं होतं. वर्गणी जमली, पत्रे आले, छप्पर झालं. पुढे एका सभेत एका विधवा मावशींनी विचारलं, "पावत्या कुठे आहेत?" झालं. दुकानदाराशी बोलणी करणारा माझा साडू. पावत्या माझ्याच पेटीत. मी "दाखवतो" म्हणालो आणि दाखवल्या नाहीत, कारण साडूवर संशय घेतल्याचा मलाच राग आला होता. तीन महिन्यांत अर्धी मंडळी मावशींकडे, अर्धी आमच्याकडे. मग ढोलकी की कीबोर्ड, उपासना नऊला की दहाला, सगळंच त्या पत्र्यांवर येऊन आदळायला लागलं.

आणि एका शुक्रवारी रात्रभराच्या प्रार्थनेत आमच्या बाजूच्या एकाने मोठ्याने म्हटलं, "या मंडळीत फूट पाडणाऱ्या आत्म्याला आम्ही बांधतो!" नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. आमेन म्हणणाऱ्यांत माझा आवाज सगळ्यात मोठा होता. दुसऱ्या दिवशी नळावर बायका कुजबुजत होत्या, "तिच्या अंगात काहीतरी आहे."

तुम्ही पुण्या-मुंबईकडचे असाल तर हे वाक्य तुम्हाला नुसती चहाडी वाटेल. आमच्याकडे तसं नाही. सातपुड्याच्या पट्ट्यात 'डाकीण' ठरवून बायकांना मारलंय, गावाबाहेर काढलंय. अशा अघोरी प्रकारांविरुद्ध 2013 साली राज्यात कायदा झाला तो उगाच नाही. घरात कुणी आजारी पडलं की भगताकडे जायचं आणि भगताने शेजारणीकडे बोट दाखवायचं, त्या भीतीतून सुटायला आमचे आजे-पणजे ख्रिस्ताकडे आले. आणि आम्ही नातवंडं हातात पवित्र शास्त्र घेऊन तीच भगतगिरी करत होतो.

आमच्यात एक वृद्ध वडील आहेत. वडील म्हणजे मंडळीचे, माझे नव्हेत. त्यांनी मला घरी बोलावून बायबलमधलं इफिसकरांस पत्र उघडायला सांगितलं. मी सवयीने सहावा अध्याय काढला. सैतानाशी लढायची देवाची सर्वशस्त्रसामग्री, कंबरपट्टा, उरस्त्राण, ढाल, शिरस्त्राण, तलवार, आपल्याला तेच पाठ असतं. ते म्हणाले, "मागे जा. चौथा काढ." चौथ्यात हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल सांगतो की आत्म्याने दिलेलं ऐक्य राखायला झटा. निर्माण करा म्हणत नाही, राखा म्हणतो. म्हणजे ते आधीच हातात दिलेलं आहे, आपण फक्त सांडायचं नाही. त्याच अध्यायात पुढे खोटं सोडून शेजाऱ्याशी खरं बोला, राग घेऊन सूर्य मावळू देऊ नका, आणि लगेच 'सैतानाला वाव देऊ नका'. सैतानाचा उल्लेख आला तो भूत काढण्याच्या गोष्टीत नाही, तुंबलेल्या रागाच्या गोष्टीत आला. मी हे शंभरदा वाचलं असेल, पण एकदाही थांबलो नव्हतो.

मग सहावा. आपलं झगडणं रक्तमांसाबरोबर नाही, असं तिथे स्वच्छ लिहिलंय. मावशी रक्तमांसाच्या. साडू रक्तमांसाचा. तुमचा समोरचा गटही रक्तमांसाचाच असणार. ज्याला नाव, गाव आणि रेशनकार्ड आहे तो या लढाईतला शत्रू नाही, एवढा सरळ अर्थ आहे. सैतान या हिब्रू शब्दाचा अर्थच विरोधक, आरोप करणारा. प्रकटीकरणाच्या बाराव्या अध्यायात त्याची ओळख बंधूंना रात्रंदिवस दोष देणारा अशी आहे. त्या शुक्रवारी रात्रंदिवस दोष देण्याचं काम कोण करत होतं, हे मला वडिलांनी सांगावं लागलं नाही.

त्याच सामग्रीतल्या ढालीची एक गोष्ट सांगतो, मला फार आवडते. पौलाने तिथे वापरलेला ग्रीक शब्द 'दार' या शब्दावरून आलाय. रोमी शिपायाची ती मोठी, दारासारखी उभी ढाल. पौल स्वतः कैदेत, पहाऱ्यावर शिपाई, त्यामुळे असली सामग्री त्याने जवळून पाहिलेली. ते शिपाई ढालीला ढाल भिडवून रांगेत उभे राहत. एकट्याने ढाल धरली तर समोरचा बाण अडेल, पण बाजूचा? आणि त्या उताऱ्यात पौल पुन्हापुन्हा 'उभे राहा' म्हणतो ते एकट्याला नाही, अख्ख्या मंडळीला. आपण मात्र ती सामग्री एकेकट्याने अंगावर चढवतो आणि शेजारच्याच रांगेवर धावून जातो.

वडील शेवटी एवढंच म्हणाले, "तलवार राहू दे. पट्टा बांध आधी." सत्याचा कंबरपट्टा म्हणजे माझ्यापुरती ती हिशेबाची वही होती. पुढच्या रविवारी मी उभा राहिलो, पावती न् पावती वाचली, आणि त्या दडवून ठेवल्याबद्दल सगळ्यांसमोर क्षमा मागितली. 1,840 रुपये जुळत नव्हते. ट्रकभाडं निघालं, कुणी लिहूनच ठेवलं नव्हतं. चोरी नव्हती. पण चोरी असती तर? तेव्हाही वाचावंच लागलं असतं, हे नीट लक्षात घ्या. ऐक्याच्या नावाखाली पैशाची अफरातफर किंवा बाईमाणसाचा छळ झाकायला सांगतील, ते ऐकू नका. प्रश्न विचारणारा फूट पाडत नसतो. आणि कुणी खरंच आजारी किंवा भ्रमिष्ट झालं असेल तर त्याच्यासाठी प्रार्थना करा आणि त्याला डॉक्टरकडेही न्या.

त्याच संध्याकाळी मावशींच्या घरी गेलो. पायात शांतीच्या सुवार्तेची सिद्धता चढवा म्हणतात ना, माझे पाय त्या दिवशी अक्षरशः उचलत नव्हते. त्या ओट्यावर कापूस वेचत बसल्या होत्या. बराच वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "भाकर खाशी का?" कळण्याची भाकरी आणि भरीत. पत्र्यांचा विषय निघालाच नाही.

तुम्ही शेवटी विचारलंय की इतके पंथ असताना ऐक्य शक्य तरी आहे का. खानदेशापुरतं सांगतो. भुसावळ-जळगावकडे अलायन्स मिशन ही मिशनरी संस्था आली, आमच्या बाजूला फ्रेड्रिक फ्रॅन्सन या सुवार्ता प्रचारकाच्या प्रेरणेने स्कँडिनेव्हियन मिशनरी आले. आपण पिढ्यान्‌पिढ्या ज्याला 'आमची शिकवण' म्हणतो, त्यातली निम्मी कुठला साहेब कुठल्या स्टेशनावर उतरला यावर ठरलीय. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा मंडळ्या मिळून उत्तर भारत मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झाली, म्हणजे एकत्र येता येतं. पण अनेक मंडळ्या बाहेर राहिल्या, आणि त्यांना मी सैतानाच्या बाजूचं म्हणणार नाही. एका संस्थेत असणं वेगळं, एकमेकांना दोष न देणं वेगळं. फिलिप्पैच्या मंडळीतल्या युवदीया आणि सुंतुखे यांच्यात बिनसलं, तेव्हा कोणाचं बरोबर हे पौलाने लिहिलंच नाही. दोघींनी माझ्याबरोबर श्रम केलेत एवढी आठवण दिली, आणि तिसऱ्याला मदतीला जायला सांगितलं. तुमच्याकडे तो तिसरा कोण आहे ते आधी शोधा. बहुधा प्रार्थनेत सगळ्यात गप्प बसणारा असेल.

आमचं सगळं गोड झालं असं समजू नका. चार घरं त्या काळात गेली ती महामार्गापलीकडच्या दुसऱ्या प्रार्थना-संगतीत जातात, परत आली नाहीत. नाताळात गाणी म्हणत आम्ही त्यांच्या दारी जातो, ते आमच्या दारी येतात. प्रभुभोजन अजून एकत्र झालेलं नाही.

हिशेब मीच लिहितो, पण पेटीची किल्ली आता मावशींकडे असते. पावती नसली की पैसे मिळत नाहीत, मलासुद्धा.