उदगीर-पुणे, मागे वहिनी आणि ६५० सीसी: निन्जा घ्यावी की व्हर्सिस?

राम राम भाऊ. तुमचा प्रश्न आधी एका जागी मांडतो, म्हणजे पुढचं वाचणाऱ्यालाही कळेल. राहणं उदगीरला, उंची ५ फूट ६ इंच. महिन्यातून एकदा लातूर-मुरूड-बार्शी-टेंभुर्णी मार्गे पुणे, मागे बहुतेक वेळा वहिनी, आणि वर्षातून एखादी मोठी राइड. कावासाकीची निन्जा ६५० आणि व्हर्सिस ६५०, होंडाची सीबीआर ६५०आर आणि ट्रायम्फची टायगर स्पोर्ट ६६० या चार मोटारसायकलींत अडकलायत.

उत्तर सरळ सांगतो. दोघं जाणार असाल तर व्हर्सिस, सीट थोडी कापून. एकट्यानेच जायचं असतं तर निन्जा म्हणालो असतो. टायगर स्पोर्ट गाडी म्हणून या सगळ्यांत गुळगुळीत आहे, पण ती घ्यायची की नाही हे सर्व्हिस सेंटर किती लांब यावर ठरवा. सीबीआर तुमच्या कामाची नाही.

ताकदीचा मुद्दा पटकन संपवू. निन्जा आणि व्हर्सिसचं इंजिन एकच, ६४९ सीसी पॅरलल ट्विन (शेजारी-शेजारी दोन सिलिंडर). निन्जाला ६८ पीएस, व्हर्सिसला ६६. सीबीआरचं चार सिलिंडरचं इंजिन ९५ पीएसच्या घरात जातं, पण ती ताकद १२,००० आरपीएमला मिळते आणि टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, ९,५०० ला. बार्शी रोडवर एसटीला ओव्हरटेक करताना मागे माणूस आणि बॅगा असतील तर सहाव्या गिअरमध्ये नुसता कान (अॅक्सिलरेटर) पिळून भागत नाही, दोन गिअर पाडावे लागतात. निन्जाचा टॉर्क ६,७०० ला मिळतो, जुन्या ८१ पीएसच्या टायगरचा ६,२५० ला. आपल्याकडच्या दोन पदरी रस्त्यावर हा आकडा बघायचा, पीएसचा नाही. ट्विनला पाच हजारांच्या पुढे हँडलवर बारीक झिणझिण येते, ती दोन्ही कावासाकींत आहे. ट्रिपलमध्ये, म्हणजे टायगरच्या तीन सिलिंडरच्या इंजिनात, ती जवळपास नाहीच.

आता उंची, कारण खरी अडचण तिथेच आहे. निन्जाची सीट ७९० मिमी, सीबीआर ८१०, टायगर ८३५, व्हर्सिस ८४५. तुमच्या उंचीला व्हर्सिसवर दोन्ही पायांचे फक्त चवडे टेकतील, आणि गाडी आहे २१९ किलोची. चालताना हे वजन जाणवत नाही. जाणवतं ते पेट्रोल पंपावर उताराला उभी केलेली गाडी मागे ढकलताना, किंवा वहिनी चढत असताना गाडी डावीकडे कलली की. म्हणून शोरूममध्ये नुसतं बसून बघू नका. राइडिंगचे बूट घालून जा, इंजिन बंद ठेवून गाडी दहा पावलं मागे ढकला, मग वहिनींना चढ-उतार करायला लावा. वहिनींनाही विचारा. निन्जाची मागची सीट लहान आणि उंच आहे, टेंभुर्णी यायच्या आधीच त्या उतरतो म्हणतील.

उंची कमी करायची म्हणून कोणी लोअरिंग लिंक (मागचं सस्पेन्शन खाली बसवणारी पट्टी) टाकायला सांगेल. टाकू नका. त्याने मागचा भाग बसतो, ग्राउंड क्लिअरन्स (गाडीचं पोट आणि जमिनीतलं अंतर) जातो, आणि साइड स्टँड आहे तेवढाच राहिल्यामुळे गाडी फार सरळ उभी राहते. मग वाऱ्याच्या झोताने किंवा बॅग अडकवताना उजवीकडे आडवी होते. त्यापेक्षा सीट बनवणाऱ्याकडून फोम २० ते २५ मिमी उतरवून घ्या, आणि त्याला सांगा की टाकीजवळच्या दोन्ही कडा तिरक्या छाटायच्या. पाय जमिनीला पोचण्यात उंचीइतकाच सीटच्या रुंदीचा वाटा असतो, हे बरेच जण विसरतात. मागच्या सीटचा फोम तसाच ठेवा. कव्हरच्या आत प्लास्टिकचा थर टाकायला लावा, नाहीतर पावसात शिलाईतून पाणी जाऊन फोम दिवसभर ओला राहतो.

दुसरी गोष्ट प्रीलोड, म्हणजे मागच्या सस्पेन्शनची स्प्रिंग आधीच किती आवळलेली आहे ते. निम्मे लोक गाडी घेतल्यापासून तो फिरवतच नाहीत आणि मग म्हणतात गाडी मागून डुलते. दोन माणसं आणि सामान घेतलं की मागचं सस्पेन्शन जास्त दबतं, पुढचं हलकं होतं, वळणात हँडल जड लागतं आणि हेडलाइट आभाळाकडे जातो. समोरचा ट्रकवाला डिपर मारत असतो, आपण त्याला शिव्या देतो. व्हर्सिस आणि टायगर दोन्हींना हाताने फिरवायची गुंडी आहे, निन्जाला हुक पाना घालून रिंग फिरवावी लागते. रस्त्याच्या कडेला ते कोणी करत नाही. व्हर्सिस घ्या म्हणण्याचं हे एक मोठं कारण.

मागचं सस्पेन्शन किती दबतं ते मोजायचं असं. गाडी साइड स्टँडवर कलती करून एकाने मागचं चाक जमिनीवरून उचलून धरायचं. इथे पॅडॉक स्टँड (मागचं चाक उचलून धरणारा सुटा स्टँड) चालत नाही, कारण तो स्विंगआर्मलाच, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यालाच, धरतो आणि सस्पेन्शन दबलेलंच राहतं. एक्सलच्या (चाकाच्या आसाच्या) मध्यापासून बरोबर वर शेपटीवर चिकटपट्टीची खूण करून अंतर घ्या. मग गाडी चाकांवर उभी करा, तुम्ही दोघं आणि प्रवासाचं सगळं सामान वर, तिसऱ्या माणसाने पुन्हा तेच अंतर घ्यायचं. व्हर्सिसचा मागचा ट्रॅव्हल (सस्पेन्शन जास्तीत जास्त हलू शकतं ते अंतर) १४५ मिमी आहे, त्यामुळे फरक ४५ मिमीच्या आसपास हवा. ६० आला तर गुंडी आवळा. एकटं निघताना तेवढीच सैल करा, नाहीतर कमरेला प्रत्येक खड्डा कळतो. दोन्ही आकडे सीटखाली लिहून ठेवा.

सामानाचं एकच सांगतो. जड वस्तू टॉप बॉक्समध्ये नकोत. एक्सलच्या मागे आणि उंचावर वजन गेलं की शंभरच्या पुढे हँडल हलायला लागतं. पाने, पाण्याच्या बाटल्या, कुलूप हे टँक बॅगेत किंवा पॅनियरच्या (बाजूच्या पेटीच्या) तळाशी. पॅनियरचा स्टे (आधाराची चौकट) घेण्याआधी तो साडी गार्डला आडवा येत नाही ना, हे गाडीला लावूनच बघा.

गावोगावचे स्पीड ब्रेकर. निन्जाचा क्लिअरन्स १३० मिमी आणि सायलेन्सर इंजिनच्या पोटाखाली. दोघं बसल्यावर त्यातले दोन-तीन सेंटीमीटर जातात आणि ग्रामपंचायतीने रात्रीतून घातलेला उंचवटा खालून घासतो. व्हर्सिसचा सायलेन्सरही पोटाखालीच आहे, पण क्लिअरन्स १७० मिमी, म्हणून निभावतं. निन्जाच घेतली तर ब्रेकर तिरका घ्यायचा, आणि चढताना ब्रेक सोडून द्यायचा. ब्रेक दाबलेला राहिला की पुढचा फोर्क (पुढचं सस्पेन्शन) दबतो आणि पोट आणखी खाली येतं. गाळपाच्या हंगामात टेंभुर्णी-कुर्डुवाडी पट्ट्यात अंधार पडल्यावर निघूच नका. उसाच्या जोड ट्रॉलीला मागे दिवा नसतो आणि रस्त्यावर पडलेल्या उसावरून टायर घसरतो. या बाबतीत चारही गाड्या सारख्याच.

टायरबद्दल थोडं सविस्तर, कारण खर्च इथे होतो. निन्जा-व्हर्सिसला मागे १६०/६०-१७, सीबीआर आणि टायगरला १८०/५५-१७. १६० स्वस्त पडतो. तुळजापूर-नांदेडसारख्या सरळ सिमेंटच्या रस्त्यावर टायर मधोमध सपाट होतो, कडा नव्याच राहतात. म्हणून मधे कडक आणि कडेला मऊ रबर असलेला स्पोर्ट टूरिंग टायर घ्या, नुसता स्पोर्ट नको. लातूरला हे साईज तयार मिळतील असं धरू नका. नक्षी २ मिमीवर आली की मागवून ठेवा, आणि घेताना बाजूवरचा चार अंकी आकडा वाचा: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. हवा निन्जा-व्हर्सिसला थंड टायरमध्ये पुढे ३२, मागे ३६ पीएसआय. सीबीआरला ३६ आणि ४२.

या चारही गाड्या ट्यूबलेस आहेत. कोणी होंडाच्या ट्रान्सअल्प किंवा सुझुकीच्या व्ही-स्ट्रॉम ८००डीईकडे वळवायला बघेल. गाड्या चांगल्या आहेत, पण दोन्हींना तारांची चाकं आणि आत ट्यूब. औसा-मुरूडच्या मधे मागचं चाक पंक्चर झालं तर चाक खोलावं लागेल, आणि गावातल्या पंक्चरवाल्याकडे तो एक्सल सोडवायचा पाना नसतो. ट्यूबलेसला खिळा निघाला की काम दहा मिनिटांचं. खिळा कोणत्या कोनात आत गेलाय ते बघून त्याच दिशेने पक्कडीने ओढायचा, त्याच कोनात रीमर (छिद्र साफ करणारी खरबरीत सळई) चार-पाच वेळा फिरवायचा, स्ट्रिपला (छिद्र बुजवायच्या रबरी पट्टीला) सोल्यूशन लावून दोन्ही टोकं थोडी बाहेर राहतील इतकी आत ढकलायची आणि सुई झटक्यात बाहेर काढायची. टोकं ५ मिमी ठेवून कापा. थुंकी लावून बुडबुडे येतात का बघा. पंप १२ व्होल्टचा ठेवा, पण तो बॅटरीला थेट चिमट्यांनी जोडा. हँडलवरच्या चार्जिंग सॉकेटवर लावला तर फ्यूज उडतो. हा तात्पुरता इलाज आहे. वेग ८० च्या आत ठेवा आणि पुढे आतून पॅच मारून घ्या. बाजूच्या भिंतीला छिद्र पडलं असेल तर टायरच बदलायचा.

एप्रिल-मेमध्ये ४२ अंशांत इंजिनचा पंखा गरम हवा नडग्यांवर फेकतो. चार सिलिंडरवर ते जास्त जाणवतं. त्या दिवसांत व्हर्सिसची काच सगळ्यात खाली घ्या, उंच काचेमागे हवाच लागत नाही. कूलंट कमी दिसलं म्हणून बोअरचं पाणी कधीही ओतू नका. आपल्याकडच्या पाण्याचा क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतो आणि पुढच्या उन्हाळ्यात गाडी गरम व्हायला लागते, तेव्हा कारण सापडत नाही. तयार कूलंटची अर्ध्या लिटरची बाटली बरोबर असू द्या. पावसाळ्यात काळी माती रेडिएटरच्या जाळीत वाळते, ती पाण्याच्या हलक्या धारेने मागून पुढे काढायची. प्रेशर वॉशर मारला तर पत्र्या वाकतात. चेनला हीच माती लागली की मऊ ब्रशने आणि केरोसीनने धुवा, पेट्रोल नको, त्याने चेनमधल्या ओ-रिंग (रबरी कड्या) कडक होतात. दर ५०० ते ७०० किलोमीटरला ल्यूब, तोही गाडी फिरून आल्यावर चेन कोमट असताना.

पेट्रोलच्या टाकीत व्हर्सिस सगळ्यांच्या पुढे आहे: २१ लिटर. निन्जाची १५, सीबीआरची १५.४. लिटरला २० धरलं तरी व्हर्सिस उदगीरहून भरून निघाली की पुण्याला पोचते.

सर्व्हिसचं बघा. टायगरला सर्व्हिस १६,००० किलोमीटरला किंवा वर्षाला, त्यामुळे लांब असलं तरी वर्षातून एक फेरी. पण पडून लिव्हर-रेडिएटर गेला तर गाडी टेम्पोत घालूनच न्यावी लागते. उदगीरहून बीदरमार्गे हैदराबाद पुण्यापेक्षा बरंच जवळ आहे, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. गाडी महाराष्ट्रात घ्या, म्हणजे पासिंगची कटकट नाही, पण सर्व्हिस हैदराबादला करता येते. बुकिंगच्या आधी दोन्हीकडे फोन करून तीन गोष्टींचे भाव आणि किती दिवसांत मिळतील ते विचारा: क्लच केबल, पुढचे ब्रेक पॅड आणि डाव्या बाजूचं फेअरिंग (बाहेरचं प्लास्टिकचं आवरण). व्हॉल्व्ह क्लिअरन्सच्या (व्हॉल्व्हची फट जुळवायच्या) कामाची मजुरीही विचारा. ट्विनला ८ व्हॉल्व्ह, ट्रिपलला १२, चार सिलिंडरला १६, मजुरी त्याच हिशेबाने वाढते.

किमतीसाठी जुने व्हिडिओ बघू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वरच्या गाड्यांना ४० टक्के जीएसटी आहे, आधी सेस धरून ३१ होता. त्यावर रोड टॅक्स आणि विमा. लेखी ऑन-रोड कोटेशनच घ्या.

ते बजेटबाहेर गेलं तर जुनी व्हर्सिस किंवा व्ही-स्ट्रॉम ६५०एक्सटी शोधा. ही दुसरी आता नवी मिळत नाही, पण २० लिटरची टाकी, ८३५ ची सीट आणि तारांची असूनही ट्यूबलेस चाकं, म्हणजे तुमच्या रस्त्याला चपखल. बघायला सकाळी जा आणि मालकाला आधीच सांगा की इंजिन गरम करून ठेवू नका. फोर्कच्या नळीवर तेलाची कडी दिसते का, हँडल पूर्ण वळवल्यावर अडणारे स्टॉपर चेपलेत का, पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवताना मधोमध खटका लागतो का, हे तपासा. खटका लागला तर स्टिअरिंगचे बेअरिंग गेले. स्टॉपर चेपलेले असतील तर गाडी जोरात पडलेली आहे, भाव करत बसू नका. एप्रिल २०२३ च्या आधीची असेल तर ती ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोल) साठी बनलेली नसते, म्हणून पेट्रोलचे पाइप दाबून बघा. चिकट किंवा तडकलेले असतील तर ते बदलायचा खर्च किमतीतून वजा करून घ्या.

आणि नागपूरला जायचा बेत असेल तर समृद्धी धरू नका, तिथे दुचाकीला बंदी आहे. उदगीरहून अहमदपूर-नांदेड-यवतमाळ हा रस्ता धरा.