जुनी महिंद्रा एफसी-१५० पेट्रोल पिकअप चढावर दम सोडते. कार्बोरेटर पुन्हा बदलू की डिझेल इंजिन बसवू?

कार्बोरेटर नका बदलू. दोनदा बदलूनही तक्रार तीच राहिली, म्हणजे दोष तिथे नाही. आयडलला गाडी शांत, सपाटीला बरी, चढ लागला की तिसऱ्या गिअरमध्ये दम सोडते आणि तापते, असं तुम्ही लिहिलंय. ही लक्षणं एकत्र दिसली की आधी डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगांना पाळीपाळीने ठिणगी पाठवणारा भाग, उघडायचा.

अगदी अशीच एक एफसी आमच्याकडे आली होती. कार्बोरेटर नवा, पेट्रोलचा एसी पंप नवा, प्लग नवे. टायमिंग लाइट (ठिणगी कधी पडते ते दाखवणारा दिवा) लावला तर आयडलला बरोबर ५ अंश. रेस वाढवली, तरी पुलीवरची खूण जागची हलेना. तिथेच निदान झालं. एफसीतल्या हरिकेन इंजिनाच्या मूळ ऑटोलाइट डिस्ट्रिब्युटरला व्हॅक्यूम ॲडव्हान्स (इंजिनाच्या ओढीवर ठिणगी लवकर पाडणारी सोय) नाही. वेग वाढला की पॉइंटच्या (ठिणगीसाठी करंट तोडणाऱ्या संपर्काच्या) प्लेटखालची दोन वजनं बाहेर फेकली जातात आणि ठिणगी लवकर पडू लागते. ती वजनं गंजून बसली होती. ठिणगी उशिरा पडली की पेट्रोलचं जळणं एक्झॉस्टपर्यंत लांबतं, मॅनिफोल्ड भलताच तापतो, आणि एफसीत इंजिन केबिनच्या खालीच असल्यामुळे ती उष्णता बाहेर पडत नाही. जवळच्या नळीतलं पेट्रोल उकळायला लागतं आणि गाडी पेट्रोल संपल्यासारखी खोकते. त्या खोकल्याला फसून लोक कार्बोरेटर खोलतात.

तपासणी दोन मिनिटांची आहे. कॅप काढा, रोटर चिमटीत धरून त्याच्या फिरण्याच्या दिशेने पिळा आणि सोडा. चटकन मागे आला पाहिजे. पिळलाच जात नसेल तर गंज, पिळल्यावर तिथेच राहिला तर स्प्रिंग गेली. प्लेट काढा, वजनं रॉकेलने धुवा, पिना चमकेपर्यंत घासा, हलकं ऑइल द्या. रोटरखाली शाफ्टच्या टोकाला फेल्टचा बोळा असतो, त्यात दोन-तीन थेंब ऑइल सोडा. हे थेंब वर्षानुवर्षं कुणी सोडत नाही आणि गंज तिथूनच सुरू होतो. मग पॉइंटचा गॅप ०.५० मिमी, प्लगचा ०.७५ मिमी, टायमिंग टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर असतो त्या जागेच्या) आधी ५ अंश, फायरिंग ऑर्डर १-३-४-२.

एवढं करूनही ओढत नसेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजा. १२० ते १३० पीएसआय यायला हवं. एकाच सिलिंडरला पडलं असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बघा, आणि इथे मला स्पष्ट बोलायचंय. या इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये असतात, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये. तरीही हेड उतरवून ग्राइंडिंगला पाठवतात, ‘व्हॉल्व्हचं काम झालं’ म्हणून पैसे घेतात, आणि जळलेला व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये जिथल्या तिथे! टॅपेटचंही, म्हणजे व्हॉल्व्हच्या गॅपचंही, तेच. इनटेकचे वरून, रॉकर कव्हर काढून सेट होतात म्हणून केले जातात. एक्झॉस्टसाठी बाजूचं कव्हर उघडावं लागतं म्हणून सोडून देतात. सीट झिजत जाते तसा एक्झॉस्टचा गॅप कमी होत जातो, व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कडेने जळतो. इंजिन थंड असताना इनटेक ०.०१८ इंच, एक्झॉस्ट ०.०१६ इंच. आठही टॅपेट करा.

डिझेलचं म्हणाल तर चांगलं इंजिन भंगारात घालायला माझा साफ विरोध आहे. ‘पेट्रोल हरिकेन ओढतच नाही’ हे ज्यांनी एक्झॉस्टचा टॅपेट कधी सेट केला नाही तेच सांगतात. शिवाय इंजिन बदलाला आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नोंद लागते, रेडिएटर आणि माउंटिंग बदलायचा खर्च निराळा.

एक राहिलं. तुमच्या गाडीत मागाहून लुकासचा डिस्ट्रिब्युटर बसवलेला असेल तर पॉइंटचा ०.५० चा आकडा चालणार नाही, साधारण ०.३५ ते ०.४० मिमी ठेवा. आणि २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुनं रबर फुगतं, म्हणून पंपाचा डायफ्राम आणि नळ्या एकदा बघाच. पंपाची धार बाटलीत घेऊन बघणार असाल तर आधी कॉइलची वायर काढा आणि इंजिन थंड होऊ द्या.