ओटीटीसाठी काढलेले सिनेमे थिएटरच्या सिनेमांपेक्षा खरंच कमी दर्जाचे असतात का?

बरेचसे असतात. पण प्रश्नाखाली तुम्ही कारण दिलंय, ‘बजेट कमी असतं म्हणून’, ते मला अजिबात पटत नाही. मी लोकेशन साउंडचं, म्हणजे शूटिंगच्या जागीच आवाज रेकॉर्ड करायचं काम करते, बारा वर्षं झाली. मूळची फोंड्याची, आणि गोव्यात शूटिंगवाले बारमाही येतात, त्यामुळे दोन्हीकडची युनिटं जवळून बघितली आहेत.

तीन वर्षांपूर्वी जुलैत दिवाडी बेटावर एका जुन्या घरात शूट होतं. सिनेमा थेट प्लॅटफॉर्मवर जायचा ठरलेला. पैसा भरपूर, कॅमेरा असा की थिएटरच्या मराठी सिनेमाला परवडायचा नाही. रात्रीचा सीन होता. आई आणि मुलगा जेवणाच्या टेबलाशी बसून घर विकायचं की नाही ते ठरवतायत. आतल्या खोलीत आजोबा झोपलेले, म्हणून दोघंही दबक्या आवाजात. आईचं काम करणाऱ्या बाई नाटकातून आलेल्या. तिसऱ्या टेकला त्या ‘विकून टाक’ म्हणाल्या आणि शेवटचा ‘टाक’ अर्धा गिळला. बूम, म्हणजे लांब दांड्यावरचा माइक, माझ्याच हातात होता, खांदे भरून आले होते, पण हेडफोनमध्ये ते ऐकलं आणि अंगावर काटा आला. त्याच क्षणी कौलांवर पाऊस कोसळला. टेक गेला.

मी म्हटलं, पंधरा मिनिटं थांबूया. ते जमत नसेल तर पाऊस ओसरल्यावर बाईंचे संवाद नुसते आवाजाचे घेऊ, आणि अर्धा मिनिट खोलीची शांतता रेकॉर्ड करू. निर्मात्याचा माणूस म्हणाला, “अगं, ओटीटीचंच आहे. लोक भांडी घासता घासता बघणार. डबिंगला बघू.” पाऊस बारा मिनिटांनी थांबला. तोवर लाइट दुसऱ्या खोलीत गेले होते.

डबिंगच्या वेळी बाई नाटकाच्या दौऱ्यावर होत्या. आवाज दुसऱ्याच कोणाचा घेतला.

सिनेमा आला तेव्हा मी घरी होते. आईला काहीच सांगितलं नव्हतं. ती देवळाच्या जत्रेतली नाटकं बघत मोठी झालेली, रात्र रात्र माटवात, म्हणजे मांडवात, बसून. दिवाडीचा सीन सुरू झाला, तिने दोन वाक्यं ऐकली आणि म्हणाली, “आगे, हो आवाज हिचो न्हय मगे!” मी उठून स्वयंपाकघरात गेले.

तर दर्जा तिथे पडला. बजेट होतं, यंत्रं होती, वेळही होता. ‘ओटीटीचंच आहे’ हे वाक्य मी त्यानंतर कितीतरी सेटवर ऐकलंय. थिएटरच्या सिनेमाला शुक्रवारची धास्ती असते, पहिल्याच शोला तीनशे माणसं एकदम ऐकणार असतात. थेट प्लॅटफॉर्मसाठी काढलेल्या सिनेमाचे पैसे बहुतेक वेळा आधीच ठरलेले असतात, म्हणून हात सैल पडतो. तपासणी नसते असं नाही. नेटफ्लिक्सला संवादाची पातळी उणे २७ एलकेएफएसच्या (आवाज किती मोठा ते मोजायचं एकक) आसपास लागते, दोनहून जास्त इकडे-तिकडे झाली की आवाजाचा मिक्स परत येतो. पण त्या मापाला आवाज किती मोठा आहे ते कळतं, आवाज कोणाचा आहे ते कळत नाही.

आता माझ्या भावोजींसारखं बोलू नका. दर चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, आमच्याकडे हाच वाद, “ओटीटी म्हणजे थिएटरने नाकारलेला माल.” साफ खोटं. ‘गुलाबो सिताबो’ थिएटरसाठी बनला होता, लॉकडाऊनमुळे जून २०२० मध्ये प्राइमवर गेला. चैतन्य ताम्हाणेंच्या ‘द डिसायपल’ला २०२० मध्ये व्हेनिसला पटकथेचं पारितोषिक मिळालं, मग तो २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर आला. हे नाकारलेले? २०२४ चा ‘अमरसिंग चमकीला’ थेट नेटफ्लिक्सवर आला, आणि त्यातली आखाड्याची, म्हणजे पंजाबातल्या गावोगावच्या जाहीर मैफलींची, गाणी दिलजीत दोसांझ आणि परिणीती चोप्रा यांनी सेटवर प्रत्यक्ष गायली. असं थेट रेकॉर्डिंग म्हणजे साउंडवाल्याची परीक्षा असते. ते करणाऱ्यांना ‘भांडी घासता घासता’ आठवलं नाही. भावोजींनी या तिन्हींतला एकही शेवटपर्यंत बघितलेला नाही, हे मी त्यांच्यासमोरही म्हटलंय.

थिएटरची बाजूही सांगते, नाहीतर अन्याय होईल. थिएटरच्या डिजिटल प्रिंटमध्ये सेकंदाला २५० मेगाबिटपर्यंत चित्राचा डेटा असू शकतो; घरी फोर-केसाठी नेटफ्लिक्स १५ मेगाबिटचं कनेक्शन पुरेसं मानतं. अंधारातले सीन घरी चिखलासारखे दिसतात ते बरेचदा यामुळे, त्यात कॅमेरामनचा दोष नाही. आणि डबिंग हे काही ओटीटीचं पाप नव्हे. हिंदीतले थिएटरचे सिनेमे कित्येक दशकं जवळपास पूर्ण डबच व्हायचे, २००१ मध्ये ‘लगान’ने सिंक साउंड केला, म्हणजे शूटिंगच्या वेळचाच आवाज वापरला, तेव्हा ती बातमी होती. मी एकाच सेटवरच्या रागाने बोलतेय असं कोणी म्हटलं तर तेही थोडं खरं आहे.

तुम्हाला स्वतः पडताळायचं असेल तर टीव्हीतलं मोशन स्मूदिंग (हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारं सेटिंग) बंद करा, चांगले हेडफोन लावा आणि ‘द डिसायपल’ एका बैठकीत बघा. यंदा चवथीला माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधून झाली की मी भावोजींनाही तोच लावून देणार आहे. आईला आधीच सांगून ठेवलंय, सिनेमा संपेपर्यंत त्यांना फोन द्यायचा नाही.