वाचकांचे प्रश्न : पोपटीचा बेत आणि रुतलेली होडी

प्रश्न : रेवदंड्याच्या खाडीकाठी आम्हा मित्रांचा छोटा नौकाविहार क्लब आहे. पौष पौर्णिमेला पोपटीचा बेत ठरला. दुपारी तीनच्या सुमारास होडी खाडीतल्या वाळूच्या पट्ट्याला लावून नांगर टाकला आणि वालाच्या शेंगा, बटाटे व अंडी भांबुर्ड्याच्या पाल्यात रचून मडके जाळावर चढवले. ते उतरवतो तो होडी चिखलावर बसलेली! ढकलायला उतरलेला मित्र मांडीपर्यंत रुतला, त्याला ओढायला वाकलेला दुसरा त्याच्याच शेजारी आडवा झाला आणि या धांदलीत पोपटीही चिखलात उपडी झाली. दोघांना बाहेर काढले तेव्हा चार चपलांपैकी एकच हाती लागली. रात्री साडेआठला होडी आपसूक तरंगली. नांगर पक्का असताना असे का व्हावे?

उत्तर : आपले पत्र वाचून पोटभर हसलो आणि सर्व जण सुखरूप परतल्याचा मनापासून आनंद झाला. नांगर होडीला जागच्या जागी धरून ठेवतो, परंतु तिच्याखालचे पाणी तो धरू शकत नाही. आपल्या किनाऱ्यावरचे कोळी बांधव तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. पौर्णिमेची तिथी पंधरावी, म्हणून पूर्ण भरती सव्वाअकराच्या आसपास आणि त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी, म्हणजे साडेपाच-पावणेसहाला, पूर्ण ओहोटी. ओहोटीच्या तिसऱ्या-चौथ्या तासात पाणी सर्वांत वेगाने उतरते आणि आपण नेमके त्याच वेळी पट्ट्याला लागलात. त्यात पौर्णिमेचे उधाण असल्याने पाणी नेहमीपेक्षा खूप खाली गेले. पूर्ण ओहोटीच्या अडीच-पावणेतीन तास आधी बसलेली होडी पूर्ण ओहोटीनंतर साधारण तेवढ्याच वेळाने तरंगणार, हा हिशेब ठाऊक असता तर चिखलात कोणी उतरलेच नसते. स्थळपरत्वे वेळ थोडी मागेपुढे होते, म्हणून ती छापील वेळापत्रकाशी अवश्य ताडून पाहावी.

खाडीच्या चिखलात उभ्याने जोर लावला की पाय अधिकच खोल जातो. रुतलेल्याने मागे रेलून अंगाचा भार पसरावा आणि पाय हळूहळू हलवत सोडवावा. मदत करणाऱ्याने होडीतच थांबून फळी किंवा वल्हे पुढे सरकवावे. अंधारात भरती चढू लागल्यावरही माणूस अडकलेला असेल तर संकोच न करता 112 क्रमांकावर कळवावे. रात्री जमिनीवरून मतलई वारा सुटतो आणि ओल्या अंगाला तो फार झोंबतो, यासाठी कोरडे कपडे व चादर बंद डब्यात न्यावी. जीवरक्षक जाकिटे होडीत ठेवून भागत नाही, ती अंगात असावीत.

पोपटीसाठी पौर्णिमेपेक्षा शुद्ध अष्टमी मला अधिक पसंत आहे. आठाची पाऊणपट सहा, म्हणजे पूर्ण भरती सहाच्या सुमारास, म्हणून दुपारभर पाणी चढत राहते, भांगाची म्हणजे लहान भरती असल्याने भरती-ओहोटीतला फरकही कमी असतो आणि सूर्य मावळताना अर्धा चंद्र माथ्याजवळ असतो. येत्या माघ शुद्ध अष्टमीला दुपारी अडीचला निघावे, मडके लगेच जाळावर चढवावे आणि सहाच्या आत होडी परत धक्क्याला लावावी.