वाचकांचे प्रश्न : दोन अल्बिनो गेकोंची पिल्लं साधी कशी?

प्रश्न : आमचा लेपर्ड गेको (पाळीव पालीची एक जात) नर ट्रेम्पर अल्बिनो आणि मादी बेल अल्बिनो आहे. चारही पिल्लं मात्र काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची, साधी निघाली. विकणाऱ्याने फसवलं का? (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : फसवणूक दिसत नाही. उलट आईबाप दोन वेगळ्या अल्बिनो प्रकारांचे आहेत, याचाच हा पुरावा. लेपर्ड गेकोंत ट्रेम्पर, रेनवॉटर आणि बेल असे अल्बिनोचे तीन प्रकार पाळले जातात. तिन्हींत काळं रंगद्रव्य बनत नाही, पण बिघाड वेगवेगळ्या जनुकांत असतो. अल्बिनो दिसण्यासाठी एकाच जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या लागतात. तुमच्या पिल्लांना बापाकडून ट्रेम्परची एक आणि आईकडून बेलची एक बिघडलेली प्रत मिळाली. दोन्हीकडे जोडीची दुसरी प्रत शाबूत असल्यामुळे रंग पूर्ण उमटला. मादी आधी दुसऱ्या नराजवळ होती का, एवढं मात्र विचारून घ्या. ती शुक्राणू महिनोन्‌महिने साठवते, त्यामुळे बाप भलताच असू शकतो.

या पिल्लांची आपसांत जोडी लावू नका. १६ पिल्लांमागे सरासरी ९ साधी, ३ ट्रेम्पर, ३ बेल आणि १ दोन्ही मिळून, असा हिशेब येतो. म्हणजे ७ अल्बिनो, आणि त्यांतलं कोणतं कुठल्या प्रकारचं हे नुसतं पाहून खात्रीने सांगता येत नाही. असं पिल्लू 'ट्रेम्पर' म्हणून विकलं गेलं की पुढच्या माणसाचं गणित पहिल्याच क्लचला (एका वेळी घातलेल्या अंड्यांना) कोसळतं. ही सरमिसळ एकदा वंशात शिरली की निस्तरायला पिढ्या जातात. पिल्लं देताना 'ट्रेम्पर आणि बेल, दोन्हींसाठी हेट' (हेट म्हणजे एकच बिघडलेली प्रत असलेला, दिसायला साधा वाहक) असं लिहूनच द्या.

प्रश्न : '६६ टक्के हेट ट्रेम्पर' म्हणून मादी घेतली. ६६ टक्के म्हणजे नक्की काय?

उत्तर : मादी अर्धवट वाहक आहे, असा त्याचा अर्थ नाही. ती वाहक आहे किंवा नाही. ६६ हा आकडा आपल्या अंदाजाचा. दोन हेट आईबापांच्या चार पिल्लांत सरासरी एक अल्बिनो, दोन हेट आणि एक पूर्ण साधं निघतं. अल्बिनो वेगळं ओळखू येतं, म्हणून उरलेल्या तिघांपैकी दोन हेट.

खात्री करायची तर तिला ट्रेम्पर अल्बिनो नर द्या. एक जरी अल्बिनो पिल्लू निघालं, तरी ती हेट ठरली. सलग सहा पिल्लं साधी निघाली, तर ती हेट असण्याची शक्यता सुमारे ३ टक्क्यांवर येते. एका क्लचमध्ये बहुधा दोनच अंडी असतात, तेव्हा पहिल्या क्लचवरून निकाल लावू नका. प्रत्येक अंड्यागणिक शक्यता नव्याने मोजायची. दोन साधी निघाली म्हणून तिसऱ्यावर अल्बिनोची पाळी येत नाही.

प्रश्न : दोन मॅक स्नो (हाही लेपर्ड गेकोचा एक रंगप्रकार) एकत्र ठेवले तर?

उत्तर : सरासरी एक चतुर्थांश सुपर स्नो (म्हणजे स्नो जनुकाच्या दोन प्रती असलेले), अर्धे एकच प्रत असलेले मॅक स्नो, एक चतुर्थांश साधे. सुपर स्नोचे डोळे पूर्ण काळे आणि अंगावर पट्टे नाहीत, त्यामुळे ते लगेच कळतं. मॅक स्नो पिल्लू काळं-पांढरं जन्मतं, पण वाढताना त्यावर पिवळी झाक चढते. म्हणून अंड्यातून बाहेर आल्या दिवशीच फोटो काढून अंड्याच्या क्रमांकासह नोंदवहीत लावा.

प्रश्न : टँजरिन (नारिंगी रंगाच्या) जोडीची पिल्लं फिकी आणि सगळी माद्याच का आली?

उत्तर : टँजरिनचा रंग अनेक जनुकांच्या बेरजेने येतो, तिथे असे ठोक हिशेब चालत नाहीत. शिवाय इन्क्युबेटर तपासा. २६ अंश सेल्सिअसला जवळजवळ सगळ्या माद्या होतात, ३२.५ च्या आसपास बहुतेक नर. कमी तापमानात काळा रंगही जास्त उमटतो. त्यामुळे वेगळ्या तापमानाला उबवलेल्या पिल्लांची तुलना करून वंशाबद्दल मत बनवू नका. तापमान अंड्यांच्या डब्यातच मोजा.

प्रश्न : लेमन फ्रॉस्ट या रंगप्रकाराचा नर स्वस्तात मिळतोय, घ्यावा का?

उत्तर : पैदाशीसाठी मुळीच नको. बिघडलेल्या जनुकाची एकच प्रत असली तरी हा रंग दिसतो, म्हणजे साध्या मादीपासूनही निम्म्या पिल्लांत तो येणार. त्याच रंगपेशींपासून त्वचेच्या गाठी होतात आणि बहुतेक लेमन फ्रॉस्टना त्या होतातच. रंग ठेवून गाठी टाळता येतील अशी जोडी लावताच येत नाही. एनिग्मा या रंगप्रकाराचंही तसंच : मान वाकडी होणं, गोल गोल फिरणं, भक्ष्यावरचा नेम चुकणं हे त्या रंगासोबतच येतं.