तीन यार्ड आणि धुळीचा लोट

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी बँकेतून निवृत्त झालो असून दांडिया बाजारात राहतो. गेल्या वर्षी ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत मी आणि माझी पत्नी अमेरिकेत ओहायो राज्यातील कोलंबस येथे लेकीकडे राहून आलो. तिथे दर शनिवारी-रविवारी घरात अमेरिकन फुटबॉलचे सामने लावले जात आणि दर वेळी आमचे जावई आणि चौदा वर्षांचा नातू यांच्यात एकच वाद होई. जावयांच्या मते चेंडू पोटाशी धरून धावत पुढे सरकणारा संघच शेवटी जिंकतो. नातवाचे म्हणणे असे, की चार पावले धावायचे आणि माणसांच्या ढिगाऱ्याखाली सापडायचे, याला खेळ म्हणत नाहीत. लांब पास टाकणारे संघच पाहण्यासारखे. मला दोघांचेही पटत असे आणि म्हणून मी गप्प बसत असे. तुम्ही कबड्डीचे प्रशिक्षक असूनही हा खेळ अनेक वर्षे पाहता, असे आपल्या सदरातील मागच्या एका उत्तरात वाचले होते. धावण्यावर भर देणारा खेळ खरोखर कंटाळवाणा आहे, की तीच जिंकण्याची खात्रीची वाट आहे?
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : माझे मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे वाचताना ते शोधावे लागणार नाही. धावण्यावर भर देणारा खेळ कंटाळवाणा नाही, आणि तो सामने जिंकूनही देतो. मात्र पासची धास्ती प्रतिस्पर्ध्याच्या मनात जिवंत आहे तोवरच तो जिंकून देतो. ती धास्ती संपली, की जावयांची वाट बंद होते.

ज्या वाचकांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. चेंडू ज्या संघाकडे असतो त्याला दहा यार्ड पुढे जाण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. या प्रत्येक प्रयत्नाला डाउन म्हणतात. दहा यार्ड झाले की पुन्हा चार नवे प्रयत्न मिळतात, आणि असे सरकत सरकत शेवटची रेषा ओलांडली की टचडाउनचे सहा गुण पदरात पडतात. क्वार्टरबॅक चेंडू घेतो आणि तो एक तर हवेतून सहकाऱ्याकडे टाकतो किंवा मागे उभ्या असलेल्या रनिंग बॅकच्या हाती देतो. चौथा प्रयत्न बहुतेक वेळा चेंडू लाथेने दूर घालवण्यासाठी वापरला जात असल्यामुळे हिशेब प्रत्यक्षात तीन प्रयत्नांचाच असतो, म्हणजे दर प्रयत्नाला साडेतीन यार्ड मिळत गेले तर संघ कुठेही न अडता मैदान पार करू शकतो. आजच्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये एका धावेची सरासरी सव्वाचार ते साडेचार यार्डांच्या आसपास असते. जावयांचा विश्वास उभा आहे तो या गणितावर. तुम्ही ज्या कोलंबस शहरात राहून आलात, तिथल्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संघाला 1951 ते 1978 अशी अठ्ठावीस वर्षे वुडी हेज यांनी हाच खेळ शिकवला, आणि त्यांच्या त्या पद्धतीला ‘तीन यार्ड आणि धुळीचा लोट’ असे नाव पडले. जावई त्या गावचे पाणी प्यालेले आहेत, तेव्हा त्यांचा ओढा कुठून आला हे वेगळे सांगायला नको.

परंतु सरासरी साडेचार म्हणजे प्रत्येक वेळी साडेचार नव्हे. एकदा शून्य, एकदा दोन, एकदा एक यार्ड मागे आणि मग एकदम सतरा, अशी ती सरासरी तयार होते, आणि ओळीने दोन धावा फुकट गेल्या की तिसऱ्या प्रयत्नात नऊ-दहा यार्डांचे ओझे डोक्यावर येते. पास अनेकदा जमिनीवर पडतो, क्वचित प्रतिस्पर्धीच तो झेलतो, कधी टाकण्याआधीच क्वार्टरबॅक पकडला जातो. हे सगळे धरूनही पासच्या एका प्रयत्नाची सरासरी सहा यार्डांच्या पुढे-मागे राहते. नुसत्या आकड्यांच्या तराजूत तोलले तर नातवाचे पारडे जड आहे, हे मान्य करावे लागते.

आता कंटाळ्याचा प्रश्न. हा प्रश्न या खेळाइतकाच जुना आहे. 1881 साली प्रिन्स्टन आणि येल या विद्यापीठांच्या सामन्यात एका संघाने पहिला अर्धा वेळ चेंडू नुसता स्वतःजवळ ठेवला आणि दुसऱ्याने उरलेल्या अर्ध्या वेळात तेच केले. सामना शून्य-शून्य सुटला. चेंडू सोडण्याची सक्तीच नव्हती, म्हणून हे शक्य झाले. त्यानंतर 1882 मध्ये वॉल्टर कॅम्प यांच्या पुढाकाराने तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे जाण्याचा नियम आला. 1906 मध्ये पाचाचे दहा यार्ड झाले आणि पुढे पास टाकण्यास प्रथमच परवानगी मिळाली, 1912 मध्ये तीनाचे चार प्रयत्न झाले, आणि 1978 मध्ये व्यावसायिक लीगने पास टाकणाऱ्यांना अनुकूल असे बदल केले. डाउन हा या खेळाचा पायाच मुळी कंटाळा मोडण्यासाठी घातला गेला आहे.

आपल्या कबड्डीने याच दुखण्यावर असेच औषध घेतले. चार-पाच गुणांची आघाडी घेतलेला संघ मध्यरेषेजवळ घुटमळत चढायांची वेळ काढत असे आणि प्रेक्षक उठून जात. आता सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण घ्यावाच लागतो, नाही तर चढाईपटू बाद होतो. मी मुलांना तेव्हाही सांगत असे आणि आजही सांगतो, की वेळ काढणे हा गुन्हा नाही, ते आघाडी कमावलेल्या संघाचे हक्काचे हत्यार आहे; पण ते हत्यार चालवतानाही समोरच्या सात जणांना तुम्ही आता खोल शिराल असे वाटले पाहिजे, नाही तर ते साखळी सोडून निवांत उभे राहतात आणि पुढच्याच चढाईत तुमचा माणूस उचलतात.

धाव पाहणाऱ्याचा डोळा चेंडूवर असला, तर त्याला ढिगाऱ्याशिवाय काही दिसणार नाही. नातवाला एकदा असे करायला सांगा : चेंडू उचलला जाण्याआधी त्याने आक्रमण करणाऱ्या संघाच्या पुढच्या फळीतल्या मधल्या तिघांवर नजर ठेवावी आणि पहिली दोन सेकंद ती तिथून हलवू नये. पास असेल तर हे तिघे पाऊल मागे घेतात, कमरेतून सरळ होतात आणि तळहात पुढे करून अडवू लागतात. धाव असेल तर ते खाली झुकून पुढे घुसतात, आणि काही चालींमध्ये त्यांच्यापैकी एक किंवा दोघे रेषेतून मागे निघून बाजूला धावत जातात आणि रनिंग बॅकच्या पुढे भिंत होऊन वळतात. ग्रीन बेच्या संघाला प्रशिक्षक व्हिन्स लोम्बार्डी यांनी ही चाल इतकी घोटून दिली होती, की ती येणार हे माहीत असूनही समोरच्यांना ती थांबवता येत नसे. 1961 ते 1967 या काळात या संघाने पाच विजेतेपदे मिळवली. धावणारा माणूस पूर्ण वेगात असतो, पण एका सहकाऱ्याचा खांदा कोणत्या बाजूला पडतो हे पाहण्यासाठी तो पाऊलभर थबकतो आणि मग फटीतून निसटतो. कोपऱ्यावरून निघालेली पकड चुकवणारा चढाईपटू ज्याने जवळून पाहिला आहे, त्याला त्या थबकण्यातली किंमत सांगावी लागत नाही.

धावण्याचे दुसरे मोल घड्याळात आहे. धावणारा मैदानाच्या आत पकडला गेला तर घड्याळ चालूच राहते, पास खाली पडला तर ते थांबते. 27 जानेवारी 1991 च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगच्या अंतिम सामन्यात, न्यूयॉर्क जायंट्सपुढे बफेलो बिल्स हा वेगवान, भराभर पास टाकणारा संघ होता आणि जायंट्सचा नेहमीचा क्वार्टरबॅक जायबंदी होता. जायंट्सने साठपैकी 40 मिनिटे 33 सेकंद चेंडू स्वतःकडे ठेवला. तिसऱ्या सत्राच्या सुरुवातीचे त्यांचे एकच आक्रमण साडेनऊ मिनिटे चालले आणि टचडाउनने संपले. बिल्सचे आक्रमण तेवढा वेळ कडेला उभे राहून पाहत होते. शेवटच्या काही सेकंदांत बिल्सची 47 यार्डांवरून मारलेली किक खांबाबाहेर गेली आणि जायंट्स 20-19 असे जिंकले. जावई हा सामना तुम्हाला नक्की सांगतील. मात्र त्या साडेनऊ मिनिटांच्या आक्रमणातला कळीचा क्षण कोणता होता, हेही त्यांना विचारा. तिसरा प्रयत्न होता, तेरा यार्ड हवे होते, आणि जायंट्सच्या मार्क इंग्रॅम यांनी एक आखूड पास झेलून एकामागून एक पकडी सोडवत चौदा यार्ड काढले. तो पास खाली पडला असता तर ते आक्रमण तिथेच अडले असते.

मी स्वतः पाहिलेला आणि मनातून न गेलेला सामना मात्र वेगळा आहे. 2019 च्या हंगामात बाल्टिमोर रेव्हन्सने 3,296 यार्ड धावून लीगचा विक्रम केला आणि सोळापैकी चौदा सामने जिंकले. त्यांचा क्वार्टरबॅक लमार जॅक्सन एकटाच 1,206 यार्ड धावला होता. बादफेरीतला त्यांचा पहिला सामना आपल्याकडे 12 जानेवारी 2020 च्या सकाळी दिसला. उत्तरायण दोन दिवसांवर आलेले असल्यामुळे गल्लीतल्या गच्च्यांवर तेवढ्यातच पतंग चढले होते आणि मी खिडकी लावून बसलो होतो. टेनेसी टायटन्सने सुरुवातीलाच चौदा गुणांची आघाडी घेतली. चौथ्या प्रयत्नात एक यार्ड हवे असताना जॅक्सन दोनदा घुसला आणि दोन्ही वेळा भिंतीवर आदळला. मग मागे पडलेल्या रेव्हन्सला घड्याळ पुरेना आणि वर्षभर धावून जिंकलेल्या या संघाने एकोणसाठ पास टाकले. ते 28-12 असे हरले.

यावरून धावणे हरले असे कोणी म्हणेल, तर त्याने टायटन्सकडे पाहावे. त्यांच्या क्वार्टरबॅकने साऱ्या सामन्यात चौदाच पास टाकले आणि डेरिक हेन्री हा दांडगा रनिंग बॅक 195 यार्ड धावला. म्हणजे आघाडी घेतलेला संघ धावून जिंकला आणि पिछाडीवरच्या संघाचे धावणे निरुपयोगी ठरले. त्याहून मोलाची गोष्ट तिसऱ्या सत्रात घडली. रेषा तीन यार्डांवर होती, चेंडू हेन्रीच्या हाती आला, आणि तो आता घुसणार म्हणून सारी बचावफळी पुढे दाटली. हेन्रीने धावता धावता उडी मारली आणि त्यांच्या डोक्यावरून मागे मोकळ्या उभ्या असलेल्या सहकाऱ्याकडे चेंडू अलगद सोडला. टचडाउन. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो. तासभर धावून बांधलेली भीती त्या एका उडीत वसूल झाली, आणि धाव आणि पास ही एकाच चालीची दोन अंगे आहेत हे मला त्या दिवशी जसे कळले तसे कोणत्याही तक्त्यावरून कळले नव्हते.

उलट बाजूचे उदाहरण थोडक्यात देतो. 6 डिसेंबर 2021 रोजी बफेलोत सोसाट्याच्या वाऱ्यात न्यू इंग्लंड पेट्रियट्सने संपूर्ण सामन्यात फक्त तीन पास टाकले आणि 14-10 असा विजय मिळवला. सहा आठवड्यांच्या आत, 15 जानेवारी 2022 रोजी, त्याच मैदानावर बिल्सने त्यांना 47-17 असे हरवले. वारा नसताना नुसते धावून एवढ्या गुणांचा पाठलाग होत नाही.

थकवण्याबद्दलही दोन शब्द लिहितो, कारण जावयांच्या बाजूचा तो मुद्दा बिनतोड आहे. समोरच्या भारी माणसांना तीन सत्रे अडवत, ढकलत राहिले की चौथ्या सत्रात त्यांची पावले उशिरा पडू लागतात आणि आधी दोन यार्ड देणारी फट आठ यार्ड देऊ लागते. बडोदेकरांना हे परक्याचे वाटू नये. 1947 मध्ये आपल्याच शहरात झालेल्या रणजी अंतिम सामन्यात होळकर संघापुढे बडोद्याचे तीन गडी 91 धावांत गेले होते, आणि तिथून विजय हजारे आणि गुल महंमद यांनी 577 धावांची भागी केली. समोरच्याला मैदानात उभे ठेवून त्याची ताकद काढून घेणे म्हणजे काय, हे आपल्याकडे तेव्हाच पाहून झाले आहे, आणि ती भागी कंटाळवाणी होती असे मी अद्याप कोणाच्या तोंडून ऐकलेले नाही.

तेव्हा जावयांना सांगा, की धाव ठेवा पण दर आक्रमणात एक-दोन पास असे टाका की बचावफळीला पुढे सरकायचा धीर होऊ नये. नातवाला सांगा, की त्याला आवडणारे लांब पास बहुधा आधीच्या धावांनीच मोकळे केलेले असतात : क्वार्टरबॅक चेंडू हाती देण्याचा हुबेहूब आविर्भाव करतो, बचावाचे मधले खेळाडू दोन पावले पुढे येतात, आणि पास त्यांच्या मागच्या रिकाम्या जागेत पडतो.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकते. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये फ्लॅग फुटबॉल असणार असल्यामुळे आम्ही काही मैत्रिणी तो शिकत आहोत. आम्ही सगळ्या खो-खो खेळलेल्या असल्याने धावण्यात पटाईत आहोत. धावण्यावरच भर द्यावा का?
— एक विद्यार्थिनी, कारेलीबाग, बडोदे

उत्तर : नाही. फ्लॅग फुटबॉल पाच-पाच जणींचा खेळ आहे, त्यात धावणारीला पाडायचे नसते, तिच्या कंबरेची पट्टी ओढून थांबवायचे असते, आणि अंगावर जाऊन अडवण्याची मुभा नाही, त्यामुळे धावणारीपुढे भिंत उभी करता येत नाही. शिवाय मध्यरेषेच्या आणि शेवटच्या रेषेच्या अलीकडचे पाच यार्ड धावबंदीचे असतात; तिथे पासच टाकावा लागतो. तुमचा खो-खोचा पाया वाया जाणार नाही, तो कंबरेची पट्टी वाचवत हुलकावणी देण्यात आणि पास झेलण्यासाठी झटकन दिशा बदलण्यात कामी येईल. झेलण्याचा सराव रोज करा, आणि तो दोन्ही हातांनी, धावता धावता, मान वळवून करा.