पोट साफ होण्याबद्दल: वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरे

प्रश्न : मला दिवसाआड शौचाला होते. खडा होत नाही, कुंथावे लागत नाही. पण मळ आत राहिला की त्याचे विष रक्तात भिनते, असे घरात सगळे म्हणतात. रोज रेचक घ्यावे का?

घेऊ नका. दिवसातून तीन वेळा ते आठवड्यातून तीन वेळा, या सगळ्या टप्प्याला वैद्यकशास्त्र सामान्यच मानते. मळ मऊ आहे, सहज बाहेर पडतो, नंतर मोकळे वाटते, म्हणजे तुमचे आतडे त्याच्या गतीने नीट चालले आहे. खाल्लेल्याचा उरलेला भाग बाहेर पडायला दीड-दोन दिवस सहज लागतात, कधी तीनही.

विषाची समजूत जुनी आहे आणि एकेकाळी डॉक्टरांनीच ती डोक्यावर घेतली होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनचे शल्यविशारद विल्यम आर्बथनॉट लेन बद्धकोष्ठाच्या रुग्णांचे मोठे आतडेच काढून टाकत. पुढे १९१९ मध्ये अमेरिकेतले डॉक्टर वॉल्टर अल्व्हारेझ यांनी साधा मुद्दा मांडला. शौचाला झाल्यावर काही मिनिटांत डोके हलके होते. रक्तात विष भिनलेले असते तर ते इतक्या लवकर कसे उतरेल? जडपणा येतो तो गुदाशय, म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग, ताणला गेल्यामुळे.

प्रश्न : वर्षातून एकदा नळीने पाणी सोडून आतडे धुऊन घ्यावे का? भिंतींना वर्षानुवर्षांचा मळ चिकटलेला असतो म्हणतात.

असा थर नसतो. आतड्याचे अस्तर दर काही दिवसांनी नवे होते, आणि कोलोनोस्कोपीत, म्हणजे दुर्बिणीने मोठे आतडे आतून तपासताना, पडद्यावर दिसते ती गुलाबी, ओलसर, चकचकीत भिंत. धुण्याने फायदा सिद्ध झालेला नाही; रक्तातल्या क्षारांचे प्रमाण बिघडणे, जंतुसंसर्ग, क्वचित आतड्याला भोक पडणे हे धोके मात्र खरे आहेत. पैसे वाचवा.

प्रश्न : कोंडा, कच्च्या भाज्या, भरपूर पाणी, सगळे करून झाले. उलट पोट फुगते. शौचालयात अर्धा तास बसूनही काहीतरी अडकल्यासारखे वाटते.

दिवसाला २५ ते ३० ग्रॅम चोथा हा सल्ला बरोबर आहे, पण तो एका आठवड्यात गाठायचा नसतो. चोथ्यावर आतड्यातले जीवाणू तुटून पडतात आणि वायू होतो. कोंडा थांबवा, थोड्या इसबगोलापासून सुरुवात करा आणि दोन-तीन आठवड्यांत मात्रा वाढवा. इसबगोल पुरेशा पाण्याबरोबरच घ्यायचे. एरवी तहान भागत असेल तर त्यावर बळेच लिटरभर पाणी प्यायल्याने मळ मऊ होत नाही. जास्तीचे पाणी मूत्रपिंडे बाहेर टाकतात.

तुमच्या पत्रातला ‘अडकल्यासारखे’ हा शब्द मला जास्त महत्त्वाचा वाटतो. गुदाशयाभोवती एक स्नायू फासासारखा असतो आणि एरवी तो वाट वाकवून धरतो. कुंथताना तो सैल पडायला हवा. काहींचा नेमका त्याच वेळी आवळतो. अशा वेळी चोथा वाढवणे म्हणजे बंद दारापाशी गर्दी वाढवणे. कमोडवर बसत असाल तर पायांखाली छोटे स्टूल घ्या, गुडघे कमरेपेक्षा वर येऊ द्या, कोपरे मांड्यांवर टेकवून पुढे झुका. श्वास कोंडू नका. न्याहारीनंतर आतड्याची हालचाल वाढते, तेव्हा बसा, पण दहा मिनिटांत उठा. मोबाइल बाहेर. महिनाभरात फरक पडला नाही तर पोटविकारतज्ज्ञांकडून गुदद्वाराच्या स्नायूंचा दाब मोजून घ्या. दोष तिथेच निघाला तर हा स्नायू वेळेवर सैल सोडायला शिकवणाऱ्या बायोफीडबॅक नावाच्या प्रशिक्षणाचा औषधांपेक्षा अधिक उपयोग होतो.

प्रश्न : मुलगा चार वर्षांचा आहे. पाच-पाच दिवस शी करत नाही आणि चड्डीत मात्र पातळ डाग पडतात. जुलाब म्हणावेत की बद्धकोष्ठ?

बद्धकोष्ठच. घट्ट गोळा आत अडकतो आणि त्याच्या कडेने पातळ मळ झिरपतो. मुलाला ते कळतही नाही, म्हणून डागांसाठी रागावू नका. जुलाब थांबवायचे औषध तर मुळीच देऊ नका.

त्याच्याकडे नीट पाहा. पडद्यामागे जाऊन टाचा उचलून उभा राहतो का? पाय एकमेकांत अडकवतो, ढुंगण आवळतो, चेहरा लाल होतो? आईवडिलांना वाटते जोर लावतोय. तो खरे तर दाबून धरत असतो. एकदा दुखले, म्हणून धरले. धरल्यामुळे आणखी घट्ट झाले, आणि पुन्हा दुखले. हे चक्र तोडायला आधी बालरोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली अडकलेला मळ काढावा लागतो आणि मग मळ मऊ ठेवणारे पॉलिइथिलीन ग्लायकॉलसारखे औषध महिनोन्‌महिने द्यावे लागते. ‘सवय लागेल’ या भीतीने पालक पंधरा दिवसांत ते बंद करतात आणि गाडी पुन्हा मूळपदावर येते. या औषधाची आतड्याला सवय लागत नाही. जेवणानंतर पाच मिनिटे पाय टेकतील असे बसवा आणि शी झाली नाही तरी बसल्याबद्दल शाबासकी द्या.

प्रश्न : वय ५४, पुरुष. जुनी मूळव्याध आहे, अधूनमधून रक्त पडते. दोन महिन्यांपासून कधी बद्धकोष्ठ, कधी पातळ. हिमोग्लोबिन कमी निघाले म्हणून लोहाच्या गोळ्या घेतो. मळ काळपट झाला, त्याची भीती वाटते.

काळपट रंग बहुधा गोळ्यांमुळे असेल, मात्र डांबरासारखा चिकट आणि उग्र वासाचा मळ झाला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. मला काळजी वाटते ती हिमोग्लोबिनची. पन्नाशीपुढच्या पुरुषात लोह कमी पडले की पोटात कुठे रक्त झिरपत नाही ना, हे पाहावेच लागते. मूळव्याध आहे म्हणून आतड्याचा कर्करोग होणार नाही असे थोडेच आहे? आणि बदललेली सवय मूळव्याधीच्या खात्यावर टाकता येत नाही. गोळ्या केव्हा सुरू केल्या ते डॉक्टरांना सांगा आणि कोलोनोस्कोपीबद्दल स्वतःहून विचारा. तपासणीआधी बहुतेक वेळा लोहाच्या गोळ्या काही दिवस बंद ठेवायला सांगतात. याच आठवड्यात जा.